घड्याळाच्या मते आई घरीच होती

घड्याळ घ्यायचं असेल तर ते मुकाट्याने घ्यावं आणि बिघडलं तर मुकाट्याने सोसावं. मी लिफ्टमध्ये बोलले, तिथेच चुकलं.

आईकडे निघाले होते. लिफ्टमध्ये मॅरेथॉनकाका भेटले. "काय, आज मधल्याच वारी?" असं त्यांनी विचारलं. "आईसाठी जीपीएसचं घड्याळ घ्यायचंय, तिला विचारायला आलेय," असं मी सांगून बसले. दुसरा मजला आला. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडलं, दार मिटलं, काका आतच. चौथ्या मजल्यावर ते माझ्यामागोमाग आईच्या घरात शिरले, पंख्याखालची खुर्ची घेतली आणि म्हणाले, "जीपीएस घड्याळात तीन गोष्टी बघायच्या. स्क्रीन, बॅटरी, सॉफ्टवेअर. बाकी सगळी फसवणूक."

मॅरेथॉनकाका हे नाव आईच्या इमारतीने त्यांना दिलं. काही वर्षांपूर्वी ते अर्धी मॅरेथॉन पळाले होते. तिचं पदक त्यांच्या दिवाणखान्यात अशा जागी टांगलंय की दार उघडताच पाहुण्याच्या नाकाला लागावं. तेव्हापासून धावण्याच्या बुटांपासून गुडघ्याच्या पट्ट्यांपर्यंत सगळ्या विषयांत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना धावताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी सकाळी लवकर उठणाऱ्यांतली नाही, त्यामुळे याबद्दल बोलायचा अधिकार मला नव्हता.

घड्याळाची गरज का पडली ते सांगते. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दादा समुद्रापलीकडे. डॉक्टरांनी आईला रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं. आम्ही दोघं आपापल्या वेळेनुसार फोन करायचो आणि एकच प्रश्न विचारायचो.

"फिरून आलीस?"

"आले की. तळ्याला तीन फेऱ्या मारल्या."

"बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे."

आमच्या घरात 'मी बरी आहे' हे एकच औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं. ते घेतल्यावर पुढे कुणी काही विचारायचं नाही, असा दंडक आहे. बाबा दवाखान्यात असतानाही तेच म्हणत होते, फक्त 'बरी'चं 'बरा' करून.

आई फिरायला जाताना फोन नेत नाही. "तळ्यावर मला फोन करणार कोण? तुम्ही दोघं. आणि त्या वेळी तू झोपलेली असतेस आणि दादा कामावर असतो." तिचं बरोबर होतं. पण पहाटे एकटी बाई, पायाखाली उखडलेला फुटपाथ, जवळ फोन नाही. म्हणून घड्याळ. आई कुठे आहे, हे घड्याळाने मला आणि दादाला सांगावं, एवढीच अपेक्षा. अपेक्षा एवढीच असली की प्रकरण वाढतं, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

काकांच्या तीन मुद्द्यांवर आईचं मत घ्यायचं ठरलं.

"स्क्रीन," काका म्हणाले. "उन्हात दिसली पाहिजे. मोतीबिंदू झालाय ना तुम्हाला?"

"काढलाय," आई म्हणाली. "झालेला काढतात."

"बॅटरी. रोज चार्ज करावं लागतं ते घड्याळ नव्हे, ते तान्हं मूल."

हे आईला पटलं. "फोनला जेवू घाला, इस्त्री करा, टॅबला जेवू घाला. आता मनगटालाही घास भरवत बसू का?"

"आणि सॉफ्टवेअर."

"त्याने माझ्याशी बोलू नये," आई म्हणाली. सॉफ्टवेअरबद्दल तिची ही एकच अट होती. मी नंतर चाळलेल्या सगळ्या लेखांत इतकी नेमकी अट मला कुठे सापडली नाही.

बॅटरी हा आमच्या घराण्याचा जुना विषय आहे. वीज ही वापरायची नाही, वाचवायची वस्तू, असं बाबांचं मत होतं. टॉर्च वापरून झाला की ते त्यातले सेल काढून शेजारी ठेवत, त्यामुळे दिवे गेले की आधी अंधारात सेल शोधावे लागत. टीव्हीच्या रिमोटमधले सेल रात्री एका वाटीत विश्रांती घेत. घराबाहेर पडताना तर साग्रसंगीत हजेरी होई. बाबा चपला घालून जिन्यात उभे राहत आणि तिथून विचारत, "दिवा?" आई आतून म्हणे, "बंद." "पंखा?" "बंद." "गॅस?" "बंद." मग कुलूप. आमच्या मुंजी-लग्नांनाही आम्ही या हजेरीमुळे उशिरा पोहोचलो आहोत. आईचा या प्रकाराने जीव मेटाकुटीला येई. "एक दिवस मलाही बंद करून जाल," असं ती म्हणायची.

दुकानात आम्ही तिघं गेलो. काका आले कारण ते येणारच होते. विक्रेती समजूतदार होती. तिने तीन घड्याळं काचेवर मांडली आणि बोलायला लागली, पण काकांनी हात वर केला. "दुकानातल्या दिव्यात सगळीच दिसतात. उन्हात नेऊ." तिने एका हातात तीन घड्याळं आणि दुसऱ्या हातात आमच्याबद्दलचा संशय घेतला, आणि आम्ही चौघं फुटपाथवर उभे राहिलो.

पहिलं घड्याळ आईने डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "आरसा आहे हा. मला माझंच नाक दिसतंय."

दुसरं. "दिसतंय, पण मनगट हलवलं की विझतं. रुसकं आहे."

तिसरं हातात घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. "हे बघ. लख्ख. उभं धरा, आडवं धरा, उन्हात धरा, दहा वाजून दहा मिनिटं. चष्म्याशिवाय वाचता येतंय."

काकांनी ते घेऊन सूर्याकडे धरलं, सावलीत धरलं, तळहाताने झाकून पाहिलं. "उत्तम," ते म्हणाले. "याला म्हणतात तंत्रज्ञान. कुठल्याही कोनातून अक्षर फिकं होत नाही." मग स्क्रीन कशी बनते, प्रकाश आतून येणं आणि बाहेरून परतणं यांत फरक काय, हे त्यांनी आम्हाला समजावलं. ते इतकं छान होतं की दोन येणारे-जाणारेही थांबून ऐकू लागले. विक्रेती दोनदा काहीतरी सांगायला पुढे झाली आणि दोनदा मागे सरली.

"घेऊ हेच," मी म्हटलं. "पण आत्ता साडेचार वाजलेत. वेळ चुकीची का दाखवतंय?"

"मॅडम," विक्रेती हळूच म्हणाली, "ते बंद आहे. त्याच्यावर कंपनीचा कागद चिकटवलेला आहे. छापलेला."

काकांनी कागदाचं एक टोक नखाने उचललं, पुन्हा दाबून बसवलं आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे." पुढे घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. घड्याळ घेण्याच्या अख्ख्या प्रकल्पात तेवढाच वेळ शांततेचा गेला.

शेवटी घेतलं ते तेच, पण कागद काढून. खालची स्क्रीन खरोखर बरी निघाली. बॅटरी दोन आठवडे चालेल, असं डब्यावर लिहिलं होतं. सॉफ्टवेअरबद्दल विक्रेती म्हणाली, "एकदम सोपं आहे, घरी जाऊन फक्त खातं उघडायचं."

फक्त खातं उघडायला तीन दिवस लागले. आईचा फोन नंबर टाकला की घड्याळ सांगे, या नंबरावर आधीच एक खातं आहे. शोध घेता उलगडा झाला. बाबांनी पूर्वी याच कंपनीचं पावलं मोजायचं यंत्र आणलं होतं, आईचा नंबर देऊन खातं उघडलं होतं आणि यंत्र फार बॅटरी खातं म्हणून परत केलं होतं. यंत्र गेलं, खातं राहिलं. मी ग्राहक सेवेला फोन लावला.

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या वडिलांच्या."

"बंद करायचं तर खातेदारांना स्वतः बोलावं लागेल. त्यांना फोन द्याल का?"

"ते नाहीत."

"कधी असतील?"

मी बरंच वाचलेलं आहे. या प्रश्नाचं उत्तर मी वाचलेल्यात कुठेच नव्हतं. "ते वारले," मी म्हटलं.

मग ती मुलगी अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "सॉरी मॅडम. मग मी त्यांच्या ईमेलवर एक लिंक पाठवते. चोवीस तासांच्या आत त्यांना ती दाबायला सांगा."

बाबांनी हयातीतही कुठली गोष्ट चोवीस तासांत केली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला हसू आलं, आणि हसता हसता मला बेसिनशी जावं लागलं. तिथे मी नळ जोरात सोडला. नवरा बाहेरून म्हणाला, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे."

दादाने मार्ग काढला. "बाबांचा पासवर्ड काय असणार? आकडे ओळीने टाक," तो म्हणाला. मी टाकले आणि खातं उघडलं. नाव बदलायचं तर पुन्हा खातेदाराची परवानगी हवी होती, म्हणून नाव तसंच ठेवून आम्ही घड्याळ जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ आईच्या मनगटावर थरथरलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली. बाबांचं नाव, आणि पुढे 'शाब्बास! छान झोप झाली.'

आईने मला फोनवर हे वाचून दाखवलं. मी घाईघाईने म्हटलं, "मी बदलून घेते. त्यांच्या ऑफिसात जाईन, अर्ज करीन."

"राहू दे," आई म्हणाली. "सकाळी सकाळी त्यांना कुणी शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच. म्हणू दे."

तर असं घड्याळ सुरू झालं आणि पहिले काही दिवस मी माझ्या निवडीवर खूश होते. आठवडा झाला तरी बॅटरी भरल्या घागरीसारखी. दोन आठवडे झाले तरी अर्ध्याच्या वर. मी मॅरेथॉनकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझीच शिफारस होती." दादाला सांगितलं. दादा यंत्रांच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, "जीपीएस चालू ठेवून? शक्य नाही." आणि त्याने पहिल्यांदा आईचा नकाशा नीट उघडून पाहिला.

मग मीही पाहिला. आईचा ठिपका स्वयंपाकघरात होता. दिवसाचा मागही उमटला होता. स्वयंपाकघर, पलंग, गॅलरी, स्वयंपाकघर. कालचा तोच. परवाचा तोच. दोन आठवड्यांत ठिपका एकदाही उंबऱ्याबाहेर गेलेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी फोन केला. "फिरून आलीस?"

"आले की. तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. आज वारा छान होता."

वाऱ्याचा उल्लेख मला खटकला. माणूस खोटं सांगताना बारकावे घालतो, हे कादंबऱ्या वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

दादाला आणि मला कळत होतं की याचा अर्थ एकच. आई घराबाहेर पडत नाही. ती दिवसभर त्या तीन खोल्यांत फिरते आणि आम्हाला काळजी नको म्हणून संध्याकाळी तळं रचून सांगते. सरळ उपाय म्हणजे आईला विचारणं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "मी बरी आहे." आणि त्यापुढे काय म्हणायचं, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. म्हणून आम्ही दोघं शिकलीसवरलेली भावंडं घड्याळाच्या मागे लागलो.

दादाचा पहिला सिद्धांत खात्याबद्दल होता. "खातं बाबांचं आहे. म्हणजे घड्याळाला वाटतंय की हा सहा फुटी पुरुष आहे. आईची पावलं त्याला पावलं वाटतच नसतील."

"पण ठिपका?"

"ठिपक्याचं वेगळं आहे," दादा म्हणाला. वेगळं काय ते त्याने सांगितलं नाही.

दुसरा सिद्धांत सॉफ्टवेअर जुनं असल्याचा. मी आईकडे जाऊन ते नवं केलं. त्याला दुपार लागली. आई म्हणाली, "एवढ्या वेळात आपण तळ्यावर जाऊन आलो असतो." मी तिच्याकडे पाहिलं. ती भांडी लावत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, काय सहज बोलते.

सकाळी तासाभराची एक फट होती. त्या वेळात घड्याळ काहीच नोंदवत नसे, हृदयाचे ठोकेही नाहीत. दादाने विचारलं, "हे काय?"

"आंघोळ असेल. काढून ठेवत असेल."

"तासभर आंघोळ?"

"आई सावकाश करते," मी म्हटलं. माझ्या आईला आंघोळीला जेमतेम पाच मिनिटं लागतात. पण त्या काळात सोयीचं उत्तर मिळालं की मी पुढे जात नसे.

मॅरेथॉनकाकांनाही विचारून पाहिलं, आडवळणाने. "काका, तुम्ही सकाळी धावायला जाता, तेव्हा आई दिसते का कधी तळ्यावर?"

काकांनी आधी पदकाकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. "सध्या माझा विश्रांतीचा टप्पा चालू आहे."

"कधीपासून?"

"शरीराला विश्रांती फार महत्त्वाची असते. त्या काळात स्नायू मनातल्या मनात धावत असतात." त्या शर्यतीनंतरचा त्यांचा सगळा काळ हा विश्रांतीचा टप्पा होता, हे मला त्या दिवशी समजलं. मी कुणाला बोलले नाही. ज्याचं झाकलेलं असतं त्याचं झाकलेलंच ठेवावं.

शेवटी सर्व्हिस सेंटर. काच लावून आणते, असं सांगून घड्याळ मागितलं. आई म्हणाली, "सावकाश आण. मला त्याची घाई नाही." खिडकीमागच्या गृहस्थांनी माझी तक्रार ऐकली आणि सांगितलं, एक दिवस तुम्ही स्वतः घालून बघा, मग या. मी घातलं. घड्याळाने माझं सगळं बिनचूक टिपलं. ऑफिसचा रस्ता, दळणाची खेप, इतकंच काय, नवऱ्याशी वाजल्यावर रागाने मी इमारतीभोवती मारलेल्या दोन फेऱ्याही. दुसरी संपताना ते थरथरलं. बाबांचं नाव आलं आणि पुढे 'शाब्बास!' मी पार्किंगमध्ये जरा उभी राहिले. मग वर गेले.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी घड्याळ यंत्राला लावलं, काढलं आणि खिडकीतून माझ्याकडे सरकवलं. "घड्याळ ठणठणीत आहे."

"मग आईचं फिरणं का दिसत नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "ताई, आमच्याकडे घड्याळं येतात. माणसं बाहेर का पडत नाहीत, ते बघायचं काम आमच्याकडे होत नाही."

बसने घरी येताना मी ते वाक्य मांडीवर घेऊन बसले होते. घड्याळात दोष असावा म्हणून मी किती दिवस देव पाण्यात घातले होते, ते तेव्हा जाणवलं. बिघडलेलं घड्याळ परत देता आलं असतं.

घड्याळ आईला परत केलं. पुढचा सगळा आठवडा ठिपका घरात आणि फोनवर तळं. मग एका सकाळी मी उठले. गजराशिवाय, काळोख असताना. माझ्या नवऱ्याने याला अजूनही चमत्कार मानलेलं आहे. ठरवलं की जाऊन आईसमोर बसायचं आणि विचारायचं. 'बरी आहे' म्हणाली तर म्हणायचं, नाहीयेस. मीही नाहीये. एवढी दोन वाक्यं मी रिक्षात पाठ केली.

चौथ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं.

माझ्याकडे किल्ली असते. आत गेले. सगळं विझलेलं, स्वच्छ, गप्प. पलंग आवरलेला. मी हाक मारली, मग न्हाणीघराच्या दारावर हात मारला, मग मोठ्याने हाक मारली. फोन टेबलावर. मी माझ्या फोनवर नकाशा उघडला. आईचा ठिपका स्वयंपाकघरात होता. मी स्वयंपाकघरात गेले. नकाशावर आम्ही दोघी ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. ओट्यापाशी मी एकटी होते.

बाबा गेले त्या दिवशीही घर असंच आवरलेलं होतं.

मी जिन्याने खाली धावले आणि दुसऱ्या मजल्यावरची बेल दाबून धरली. काकांनी दार उघडलं. लुंगी, बनियन, पदक. "आई घरात नाहीये," मी म्हटलं. "घड्याळ म्हणतंय घरात आहे, पण नाहीये."

या माणसाबद्दल मी वर जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण त्या सकाळी त्यांनी मला एकही सल्ला दिला नाही. आत गेले आणि बूट चढवून, लुंगी बदलून बाहेर आले. म्हणाले, "तळं." आणि त्यांचा विश्रांतीचा टप्पा संपला.

आम्ही धावलो. म्हणजे कोपऱ्यापर्यंत धावलो, पुढे ज्याला धावणं म्हणता येईल असं काही केलं. तळ्याशी पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. कठड्याभोवतीच्या वाटेवर माणसं फिरत होती. कोण रेडिओ लावून, कोण कुत्र्यामागे ओढलं जात. आणि बरोब्बर समोरच्या काठावर निळी साडी, पांढरे बूट आणि हात पुढे-मागे मारण्याची ती पद्धत, कुणाला तरी वाटेतून बाजूला सारल्यासारखी.

"आई," मी म्हटलं. ओरडायला दम नव्हता.

"धरू त्यांना," काका म्हणाले, आणि आम्ही मागे लागलो. अर्धं तळं पुढे गेलो तर आई अर्धं तळं पुढे. आम्ही वेग वाढवला. अंतर तेवढंच. एक गृहस्थ आम्हाला ओलांडून जाताना म्हणाले, "त्या बाई नाही सापडायच्या. आम्हीही प्रयत्न केलाय."

"काका," मी म्हटलं, "तळं गोल आहे. आपण इथेच उभे राहिलो तर ती येईल."

"शर्यतीत," काका धापा टाकत म्हणाले, "थांबत नसतात." आणि लगेच बाकावर बसले.

आम्ही बाकावर बसलो. काही वेळाने मागून पावलांचा ठेका आला आणि थांबला.

"तुम्ही दोघं इथे काय करताय?" आई म्हणाली. चेहरा लाल, कपाळावर घाम, श्वास मात्र माझ्यापेक्षा बरा. "आणि तू एवढ्या सकाळी? काय झालं? दादा बरा आहे ना?"

मी तिचा हात धरला. मनगटावर घड्याळ होतं. स्क्रीन काळी.

"हे बंद आहे, आई."

"बंदच असणार. घरातून निघताना बंद करते."

"रोज?"

"रोज. घरी गेले की लावते."

"पण का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निघताना गॅस का बंद करायचा, असंच मी विचारलं होतं. "घरातून निघताना सगळं बंद करायचं असतं," ती म्हणाली. "दिवा, पंखा, गॅस. आणि आता हे. तुम्हीच म्हणालात ना, बॅटरी टिकायला हवी?"

मी बसूनच राहिले. सकाळची ती तासाभराची फट मला आठवली, आणि तिला मी दिलेलं आंघोळीचं नाव. मला आधी हसू आलं आणि मग हसू थांबेना. दादा, मी, ग्राहक सेवा, सर्व्हिस सेंटर, सगळे एका स्विचपुढे हरलो होतो. काका तोंडावर रुमाल धरून खोकत होते, पण तो खोकला नव्हता.

"हसायला काय झालं?" आई म्हणाली. मी तिला ठिपका, ओटा, सगळं सांगितलं; रिक्षात पाठ केलेली दोन वाक्यं तेवढी सोडून. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तुम्हाला वाटलं मी थापा मारते."

"तसं नाही गं."

"तसंच." ती माझ्या शेजारी बसली. तळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहिले काही दिवस मारल्या. तेव्हा नव्हते येत. ते घड्याळाच्या आधीचं."

मी तिच्याजवळ सरकले.

"मग एक दिवस आले. हळू चाललं की शेजारी कुणी नाही, हे कळतं. म्हणून भरभर चालते." तिने पदराने कपाळ टिपलं. "बरं असतं भरभर."

"मी बरी नाहीये, आई," मी म्हटलं. पाठ केलेल्यातलं दुसरंच वाक्य आधी बाहेर पडलं.

"माहीत आहे," आई म्हणाली. "दिसतेस. नीट झोप घे." मग काकांकडे वळून, "आणि तुम्हाला चहा घ्यायला हवा. रंग उडालाय तुमचा. या घरी."

काका म्हणाले की रंग उडणं हे चांगल्या व्यायामाचं लक्षण असतं. त्या दिवशी त्यांना आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून लिफ्टपर्यंत आणलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते तळ्यावर यायला लागले. आईच्या मागे अर्ध्या तळ्याच्या अंतरावर असतात.

दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बॅटरीचं गणित बरोबर होतं," आणि नाक शिंकरलं.

मी आता शनिवारी आईकडे राहायला जाते आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी तळ्यावर जातो. पहिल्या रविवारी मी आधी चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहिले. आई आत पर्स शोधत होती. जिन्यात थंड होतं. मला कळायच्या आत माझ्या तोंडून आलं, "दिवा?"

आत पर्सची शोधाशोध थांबली.

"बंद," आई म्हणाली.

"पंखा?"

"बंद."

"गॅस?"

"बंद."

ती दारात आली. हातात कुलूप. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. सगळ्या महिन्याचा माझा अभ्यास तिथे होता. उन्हात दिसणारी स्क्रीन, दोन आठवड्यांची बॅटरी, बाबांच्या नावाचं सॉफ्टवेअर. आज आई कुठे असेल, ते मला त्याला विचारायचं नव्हतं.

"घड्याळ?" मी विचारलं.

आईने अंगठ्याने बटण दाबून धरलं. ते एकदा थरथरलं आणि विझलं.

"बंद," ती म्हणाली, आणि कुलूप लावलं.